हद्द सोडतोयस, परत ये

३ मार्च, सोमवार

लेकीने आज मला कामाला लावलं. पाय मोडून पलंगावर पडलेल्या माणसाला कामाला लावायचं म्हणजे कमाल आहे, पण तिने लावलं. टीव्हीला एक काळा डबा जोडला, माझ्या हातात दोन मुठींचा कंट्रोलर दिला आणि म्हणाली, "बाबा, रोज थोडं खेळायचं. काय आवडलं, कुठे वैताग आला, ते मला सांगायचं. गोड बोलायचं नाही."

गोड बोलायची सवय मला कधीच नव्हती. हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तिच्या कंपनीचा हा लष्करी गेम आहे, नाव ‘मोकळं रान’. शत्रूने बळकावलेलं एक भलंमोठं बेट आणि त्यावर आपण एकटा जवान. ठरलेली वाट नाही. कुठूनही कुठेही जा, कोणती चौकी आधी घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा. तिची मंडळी कितीतरी दिवस या बेटापायी झोप विसरली आहेत. पुढच्या महिन्यात गेम बाजारात येणार. ज्याने आयुष्यात असला खेळ हातात धरला नाही असा माणूस त्यांना हवा होता, आणि तसा एक इथे पुढच्या खोलीत आयता पडलेला आहे.

सुरुवातीला मी बराच वेळ नुसतं आभाळ बघत होतो, कारण जवानाची मान खाली कशी आणायची तेच कळेना. मग एकदाचा जमिनीवर आलो आणि सरळ चालत समुद्रात गेलो. तेवढ्यात आवाज आला, "हद्द सोडतोयस. परत ये." खालच्या पट्टीतला, न ओरडणारा, पण ऐकावाच लागेल असा. हा म्हणे कप्तान. दिसत कधीच नाही, वायरलेसवर बोलतो. त्याचं ऐकलं नाही तर पडदा राखाडी होत जातो आणि जवान मरतो.

मी परत फिरलो. या माणसाचं मला पटलं. एवढ्या मोठ्या रानात पोराला एकटं सोडलंय, कोणीतरी लक्ष ठेवायला नको?

जे सांगायचं ते तिला तोंडी सांगेन. ही वही माझी.

६ मार्च, गुरुवार

खरं सांगायचं तर बेट सुंदर आहे. वारा सुटला की गवत एका बाजूला झुकतं आणि ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत जातात. मी आज गवतात पालथा पडून राहिलो, काही न करता. कोणी हटकलं नाही. चौकीतले पहारेकरी आपले फेऱ्या मारत होते, लांब कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. इथे माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप दिसतात. एवढं लांब मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

चांगली गोष्ट दुसरी म्हणजे घाई नाही. एका चौकीत मी मागून शिरलो, दुसरीत नदीतून, तिसरीत तर समोरच्या फाटकातूनच गेलो आणि मेलो. पण मेलो तो माझ्या अकलेने. याचं समाधान वेगळं असतं.

जीप मात्र भिकार. तिला वजनच नाही. वळणावर साबणासारखी घसरते, झाडाला धडकते आणि काही झालंच नाही अशी पुढे जाते. असल्या गाडीत पोरं शिकली तर रस्त्यावर काय करतील? उभं आयुष्य मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटवर काढलं, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन. शिकाऊ घाबरायच्या आत मी घाबरायचो आणि मी घाबरलो की गाडी थांबलेली असायची. माझ्या गाडीला कधी ओरखडा आला नाही.

लेकीला मात्र माझ्याकडून शिकता आलं नाही. म्हणायची, "बाबा, तुम्ही शेजारी बसलात की गाडी पुढेच जात नाही." शेवटी दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन शिकली. तिला गाडीचं अंगच नाही, त्याला मी काय करणार?

जीपचा ब्रेक चांगला आहे. तेवढं तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

१० मार्च, सोमवार

वैताग यायला लागला आहे. तिने सांगितलंच होतं की वैताग लक्षात ठेवा, म्हणून लिहितो.

एक, पहारेकरी ठार बावळट आहेत. शेजारी उभा असलेला माणूस धाडकन कोसळतो, हा दचकतो, इकडे-तिकडे बघतो, आणि थोड्या वेळाने म्हणतो, "वारा असेल." मग त्याच मेलेल्या माणसाला ओलांडून पुन्हा फेऱ्या मारायला लागतो. डोळ्यांसमोर काय चाललंय ते न दिसणारा माणूस जगात असतो का?

दुसरं, गावातली माणसं. तीच दोन वाक्यं बोलतात. "आज समुद्र शांत आहे" आणि "सांभाळून जा." त्यांचं गाव सोडवलं तरी समुद्र शांतच.

तिसरं सगळ्यात वाईट. एवढं मोठं जग, पण एकही दार उघडत नाही. घरं आहेत, खिडक्यांत उजेड आहे, आणि दारं नुसती रंगवलेली. मी एका दारासमोर बराच वेळ जवानाला धडका मारायला लावत होतो. बाहेर वाटेल तेवढं हिंड, आत मात्र कुठेच जायचं नाही. याला मोकळं कसं म्हणायचं?

व्यायामवाली बाई येऊन गेली. आठवड्यातून दोनदा येते आणि माझा पाय पिरगाळते. आज म्हणाली, "काका, हाड कधीच जुळलंय. वॉकर धरा आणि दारापर्यंत जाऊन या."

"पाय टेकवत नाही," मी म्हणालो.

"टेकवत नाही की टेकवायचा नाही?"

उद्धट आहे. लेक मधे पडली, "राहू द्या, उद्या करतील." लेक समजूतदार आहे. सकाळी माझं सगळं आवरते, जेवण झाकून ठेवते, दुपारी कामातून धावत येऊन मला बघून जाते आणि दिवेलागणीच्या आत घरात असते. लहानपणी पण दिवेलागणीच्या आत असायची. वॉकर कोपऱ्यात उभा आहे, त्यावर तिने तिचा टॉवेल वाळत घातलाय.

संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीचा फोन. तिला सगळ्या जगाच्या चौकशा. "तुझ्या लेकीला त्या मोठ्या कंपनीनं बोलावलंय म्हणे, सातासमुद्रापलीकडे. तू काय म्हणालास?"

"मी कशाला काय म्हणू? तिलाच नाही जायचं."

"तू विचारलंस तिला?"

"म्हणजे काय! विचारलं की. म्हटलं, तुला नाही ना जायचं? ती म्हणाली, नाही."

बहिणीने फोनच ठेवला. लाइन तुटली असावी.

१४ मार्च, शुक्रवार

आज अडकलो. एका पाण्याच्या टाकीवरून उडी मारली ती टाकी आणि खडक यांच्यामधल्या फटीत जाऊन पडलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. बंदूक उचलता येत नाही, मरताही येत नाही. वर आभाळाची एक पट्टी दिसत होती, तिच्यात सकाळ झाली, दुपार झाली. कप्तान अधूनमधून विचारत होता, "कुठे आहेस? कळव." कळवणार कसं? तसलं बटणच नाही.

मी खेळ बंद केला नाही. बंद केला आणि तिला दाखवता आलं नाही तर? दुपारी लेक आली तेव्हा मी आणि जवान दोघंही तसेच बसलेलो. तिने पाहिलं आणि आधी हसली.

"हे माहितीये आम्हाला. अशा बऱ्याच जागा आहेत."

"मग यातून बाहेर कसं यायचं?"

"येता येत नाही. बाहेरून कोणीतरी काढावं लागतं." आणि ती माझ्या पलंगाच्या कडेला बसली. परत जायची वेळ होऊन गेली तरी बसून होती, त्या फटीकडे बघत.

मी सहज विचारलं, "त्या हद्दीपलीकडे काय आहे?"

"काही नाही. केलंच नाही आम्ही. मी म्हटलं होतं थोडं करू या म्हणून, पण वेळ नव्हता. नुसतं गवत टाकलंय, ते किती लांबपर्यंत जातं ते मलाही माहीत नाही."

"मग कप्तान बरोबरच सांगतो की!"

"कप्तानाला कुठे माहितीये पलीकडे काही नाही ते? तो तिकडे गेलेलाच नाही. त्याला नुसती भीती वाटते, बाबा."

तिने डबा बंद करून पुन्हा चालू केला, जवान सुटला. अशा सोप्या उपायाला इतका वेळ का बसून राहिली, कोण जाणे.

१७ मार्च, सोमवार

तिच्या कामावरचा एक मुलगा घरी आला होता. गेममधलं गवत, ढग वगैरे तो रंगवतो. छातीपर्यंत दाढी आहे, सगळे त्याला दाढी म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. मी त्याला धारेवर धरायचं ठरवून बसलो होतो.

म्हटलं, "दाढी, तुझं गवत उत्तम. पण त्या जवानाला जरा शिस्त लावा. वेग म्हणजे हुशारी नव्हे. आधी आरसा बघायचा, मग पाऊल टाकायचं. कुठे चाललास, कशाला चाललास, कोणाला सांगून चाललास, काही पत्ता नाही."

दाढीचा चहा नाकात गेला. ठसका थांबेना. मग डोळे पुसत लेकीकडे वळून म्हणाला, "अगं, शब्दन् शब्द! मला वाटायचं कप्तानाची वाक्यं तू मनानं लिहितेस."

कप्तानाची वाक्यं ती लिहिते हे मला ठाऊक नव्हतं. छान लिहिते, मी तिला तसं सांगितलं. अनुभवी माणसाचं बोलणं तिने बरोबर पकडलंय. ती लाजली असावी, कारण कपबशा घेऊन लगेच आत गेली.

ती आत असताना दाढी हळूच म्हणाला, "काका, महिनाअखेरपर्यंत त्या मोठ्या कंपनीनं तिची जागा धरून ठेवलीये. नव्या गेमचं पूर्ण बेट तिच्या हातात देणारेत, पहिल्या दगडापासून. असं कोणाला मिळत नाही."

"तिला नाही जायचं," मी म्हणालो.

तो दाढीतून बोटं फिरवत राहिला.

तो गेल्यावर मी लेकीला परत विचारलं. माझ्यामुळे कोणाचं अडलं असं कोणी म्हणायला नको. "तुझ्या मनात काही नाही ना?" ती माझी उशी नीट करत होती, पाठ माझ्याकडे. "काही नाही, बाबा," म्हणाली. उशी आधीच नीट होती.

विषय संपला. तरी सबंध संध्याकाळ मला कसंतरीच होत होतं. दाढी चहा फार गोड घेतो, त्याचाच परिणाम. मीही त्याच्यासारखा घेतला.

२० मार्च, गुरुवार

स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि ती फोनवर बोलत होती. नळाच्या आवाजात सगळं कळत नाही. "इकडचं काही सुटत नाही" एवढं ऐकू आलं. आणि मग, "हो, मला कळतंय तुम्ही किती दिवस थांबणार." बाहेर आली तेव्हा डोळे लाल. गेम वेळेवर द्यायचा तर जीव टांगणीला लागणारच. आपण बापाने दुसरं काय करायचं? म्हटलं, आपल्या वाट्याचं काम तरी लवकर संपवू.

आज तीन चौक्या घेतल्या. हात आता बसला आहे. गोळी लागली की जवान दंडाला पट्टी गुंडाळतो आणि दोन श्वासांत धावायला मोकळा. हा मोठाच दोष. हाड म्हणजे काय असतं हे या पोरांना माहीत नाही.

व्यायामवालीला परत पाठवलं. दुखतंय म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

जिंकलो! शेवटचा किल्ला पडला, शत्रूची जहाजं निघून गेली, बेटावर झेंडा लागला. पलंगावर बसल्या बसल्या मी एकटाच ओरडलो.

आणि मग फार विचित्र झालं. खेळ संपत नाही. जवान तिथेच उभा राहतो. चौक्या रिकाम्या, रस्ते रिकामे. जीप काढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली. मारायला कोणी नाही, वाचवायला कोणी नाही, गावातली म्हणतात समुद्र शांत आहे. करणार काय? म्हटलं, बघू तरी पलीकडे काय आहे. उत्तरेच्या माळावरून चालत निघालो.

"हद्द सोडतोयस. परत ये."

माझं डोकंच फिरलं. अरे बाबा, लढाई संपली! शत्रू गेला! आता कोणापासून वाचवतोस त्याला? पडदा राखाडी झाला, जवान मेला. पुन्हा गेलो, पुन्हा मेला. एवढी लढाई जिंकलेला माणूस, आणि त्याला मारलं कोणी, तर त्याच्याच कप्तानाने.

जेवताना मी लेकीला धडाधड सांगून टाकलं. जीप, दारं, पहारेकरी, ते सगळं लोक चालवून घेतील. पण हा एक दोष माफ होण्यासारखा नाही. "तुझा कप्तान सुरुवातीला शहाणा वाटतो. शेवटी कळतं, त्याला दुसरं काही बोलताच येत नाही."

तिचा घास हातातच राहिला. "मग काय म्हणायला हवं त्यानं?"

"त्यात काय अवघड आहे? म्हणायचं, जा. मी बघतो इकडचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं माझ्या हनुवटीला काही लागलंय, मी पुसून घेतलं.

"हे वाक्य आपण घालू या," ती हळू म्हणाली. "तुमच्याच आवाजात. तुम्ही म्हणाल का?"

कप्तानाचं काम करणारा नट म्हणे दुसऱ्या कामात अडकलाय. एकच वाक्य, कोणाला कळणार? मी हो म्हणालो. आनंद झाला, कशाला खोटं बोलू?

२३ मार्च, रविवार

रेकॉर्डिंग झालं. पंखा बंद केला, खिडकी लावली आणि आवाज घुमू नये म्हणून लेकीने आम्हा दोघांच्या डोक्यावरून जाड पांघरूण ओढलं. आत ती, मी आणि तिच्या हातात बोटाएवढा माइक. ती लहान असताना असं घर करून बसायची आणि मला आत बोलवायची. मला कधी वेळ नसायचा.

वाक्य माझंच होतं, पाठ करायची गरज नव्हती. तिने बोट वर केलं. मी म्हणालो, "जाऊन ये. मी बघतो इकडचं."

"बाबा, नुसतं जा."

"जाऊन ये..."

"ये नाही. जा."

आता हे तिला कोण समजावणार? आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नाही. निघणारा म्हणतो "येतो", घरातला म्हणतो "ये". तिच्या आईला शेवटी दवाखान्यात न्यायला आले, तेव्हा स्ट्रेचरवरून तीही "येते हं" म्हणाली होती. नुसतं "जा" म्हणणं म्हणजे हाकलणं. मी तसं सांगितलं.

पांघरुणाखाली तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. "ये म्हटलं ना बाबा, की माणूस उंबऱ्यातूनच परत यायला लागतो. कप्तान सगळा खेळभर परत ये, परत ये म्हणतो. एकदा तरी त्यानं मागे शेपूट न लावता जा म्हणावं."

"आणि तो परत आला नाही तर?"

"तेही कप्तानाला माहीत नाही. तरी म्हणतो. म्हणून तर ते वाक्य घालायचंय."

आम्ही किती वेळा केलं कोण जाणे. दर वेळी जिभेवर ते "ऊन ये" आपोआप चढायचं. घामाने दोघं निथळत होतो. मग मला परीक्षेचे दिवस आठवले. लायसन्सच्या परीक्षेला शिकाऊ परीक्षकाच्या गाडीत बसायचा आणि मी फुटपाथवर उभा. पायाखाली काही नाही. त्या वेळी मी त्यांना काय म्हणायचो?

"जा," मी म्हणालो. "मी बघतो इकडचं."

तिने हेडफोन कानाला दाबून धरले आणि ऐकलं. पुन्हा ऐकलं. मी पांघरुणातून बाहेर आलो, ती आतच होती. खांदे हलत होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, सर्दी झालीये.

पंखा बंद असल्याने गरम होतं, त्यात सर्दी कशी होते मला कळत नाही.

२९ मार्च, शनिवार

फसवणूक झाली आहे.

ती सकाळी पलंगाच्या कडेला बसली आणि सांगून मोकळी झाली. जागा घेतली. पुढच्या महिन्यात आठ तारखेला निघणार. आत्या इथे राहायला येणार, तिच्याशी सगळं बोलून झालंय. व्यायामवालीशीही. म्हणजे सगळ्या जगाला माहीत, मी तेवढा त्या पहारेकऱ्यासारखा "वारा असेल" म्हणत बसलेला.

मी नको ते बोललो. लिहायला लाज वाटते, पण बोललो. म्हणालो, मी इथे खाटेला खिळलोय आणि तुला समुद्र सुचतोय? म्हणालो, तूच तर म्हणाली होतीस नाही जायचं! म्हणालो, तुझी आई असती तर?

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने खिशातून फोन काढला आणि एक बटण दाबलं.

"जा. मी बघतो इकडचं."

माझाच आवाज. घोगरा, पण माझा.

"ते गेममधलं होतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "गेममधलंच."

मी भिंतीकडे तोंड केलं.

३१ मार्च, सोमवार

बोलत नाही. तीही बोलत नाही. जेवण झाकून ठेवते. वॉकरवरचा टॉवेल तिने काढून घेतलाय.

६ एप्रिल, रविवार

गेम पूर्ण होऊन आला. दाढी स्वतः घेऊन आला आणि पाणीसुद्धा न पिता पळाला. घरातली हवा त्याला दारातच कळली असावी. लेक सामानाच्या मागे होती. सगळीकडे उघड्या बॅगा.

करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून लावला. माझा जिंकलेला डाव त्यात तसाच होता. रिकामं बेट, झुकणारं गवत. जवानाला उत्तरेच्या माळावर नेलं. हद्द जवळ आली तसे माझे तळहात ओले झाले. आता हसायला येतंय, पण झाले.

"जा. मी बघतो इकडचं."

पडदा राखाडी झाला नाही. जवान मेला नाही. समोर गवतच गवत, वर स्वच्छ आभाळ. आता फक्त बोट पुढे दाबायचं होतं. माझ्याने दाबवेना. बराच वेळ तो तिथे उभा होता, वाऱ्याने त्याचा गणवेश हलत होता. शेवटी मी त्याला मागे वळवून गावात नेलं.

मागे बघितलं तर लेक दारात उभी, हातात घडी केलेले कपडे.

"आवाज जरा घोगरा आलाय," मी म्हणालो. आठवडाभरात तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"असू दे," ती म्हणाली.

८ एप्रिल, मंगळवार

बहीण सकाळीच आली आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डबे वाजवत स्वतःशीच म्हणत होती की या घरात काही म्हणून जागच्या जागी नाही.

टॅक्सी खाली आली. लेक बॅगेवर हात ठेवून उंबऱ्याशी उभी राहिली. मी पलंगावर बसलेला. मी तयारी करून ठेवली होती. पट्टा लाव, पोचल्या पोचल्या फोन कर, अनोळखी माणसाशी जपून बोल, तिकडे गाड्या कुठल्या बाजूने चालतात ते आधी बघ. "येते" म्हणायला तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं. मग ती थांबली.

"जाते, बाबा," ती म्हणाली.

आतून बहिणीने डबा आपटला. "अगं, असं म्हणू नये!"

माझी सगळी तयारी कुठे गेली कोण जाणे. "जा," मी म्हणालो. "मी बघतो इकडचं."

ती रडत होती आणि हसतही होती. "आज घोगरा नव्हता," एवढंच म्हणाली आणि गेली. जिन्यावर बॅगेची चाकं प्रत्येक पायरीला आपटत होती. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

खिडकीशी कसा पोचलो ते आठवत नाही. पलंगाचा दांडा, खुर्चीची पाठ, भिंत, असं काहीतरी धरत गेलो असेन. खाली टॅक्सीवाल्याने आरसा न बघता गाडी काढली. इशारा दिला नाही, काही नाही. कोपऱ्यापर्यंत गेली आणि समोरून एक मोठा ट्रक आला म्हणून तिथेच थांबली. ट्रक गेला. टॅक्सी अजून थांबलेलीच.

"अरे!" बहीण मागून ओरडली. "तू उभा आहेस!"

मी खाली बघितलं. वॉकर कोपऱ्यात होता. माझा उजवा पाय फरशीवर टाचेपासून घट्ट दाबून धरलेला होता, सगळ्या जोरानिशी. मोडलेला, न टेकणारा, तोच. दुखत नव्हता.

मी पाय उचलला. टॅक्सी वळली आणि निघून गेली.